खिमा कोणी केला?

दिवाळी अंकासाठी लेखणी हाती घ्यावी आणि चकली, करंजी, अनारसा यांचे गुणगान सोडून बर्गर आणि बटाट्याच्या चिप्स यांची बखर लिहायला बसावे, हे आमच्या वडिलांना मुळीच रुचले नसते. वाचकांपैकीही काहीजण नाक मुरडतील याची मला कल्पना आहे. परंतु गेल्या भाऊबीजेच्या आधी आमच्या घरात जो खटला उभा राहिला, त्याचा निवाडा करण्याचे काम इतिहासाचा निवृत्त मास्तर म्हणून माझ्याकडे आले, आणि त्या निमित्ताने चार-सहा ग्रंथ चाळावे लागले. त्यातून जे हाती आले ते एकट्याने जिरवण्यासारखे नव्हते.

खटला असा. माझी नात नऊ वर्षांची, नातू सात वर्षांचा. दसऱ्यानंतर दोघांनी बाहेर कोठेतरी बर्गर खाल्ला आणि त्याच रात्री दोघांना उलट्या सुरू झाल्या. धाकट्याला तर दोन दिवस इस्पितळात सलाईन लावून निजवावे लागले. त्या दोन रात्री सूनबाई त्याच्या उशाशी बसून होती. घरी परतल्यावर तिने एवढेच सांगितले, की हा पदार्थ पुन्हा या घरात यायचा नाही. कोणी वाद घातला नाही. पुढे दिवाळी आली. भाऊबीजेला बहिणीने भावाला ओवाळायचे आणि त्याच्या आवडीचे जेवू घालायचे, हा रिवाज. बहिणीने मोठ्या अगत्याने विचारले, "तुला काय करू?" आणि या पठ्ठ्याने तितक्याच निरागसपणे सांगितले, "बर्गर आणि चिप्स." आईने नाही म्हटले, बहिणीने शब्द दिलेला. दोघी माझ्याकडे पाहू लागल्या.

मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

प्रथम नावाविषयी. 'हॅम्बर्गर' या शब्दात 'हॅम', म्हणजे डुकराचे मांस, शोधणारे पुष्कळ भेटतात. त्याचा येथे काही संबंध नाही. हॅम्बर्ग हे जर्मनीतील एल्ब नदीवरचे मोठे बंदर. तेथला तो हॅम्बर्गर, जसा सोलापूरचा तो सोलापुरी. मध्य आशियातील तार्तार घोडेस्वार खोगिराखाली मांस ठेवून दौड करीत, ते मांस रगडून मऊ होई आणि तीच या पदार्थाची गंगोत्री, अशी एक चटकदार कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. कथा म्हणून ती झकास आहे. पण खोगिराखालचे ते मांस घोड्याच्या पाठीवरील जखमांना आराम पडावा म्हणून ठेवीत, असे जाणकारांचे म्हणणे आहे, आणि घोड्याच्या घामात दिवसभर भिजलेले मांस कोणी आवडीने खात असेल यावर माझा तरी विश्वास बसत नाही. जरा भक्कम पुरावा हवा असेल तर तो इंग्लंडात सापडतो. हॅना ग्लास या बाईंचे पाककृतींचे पुस्तक १७४७ साली प्रथम निघाले आणि इंग्लंडातील घरोघरच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसले. त्याच्या १७५८ च्या आवृत्तीत 'हॅम्बर्ग सॉसेज' आहे: बारीक चिरलेले गोमांस, चरबी आणि मसाला एकत्र करून धुरावर धरायचे, आणि पुढे भाजून खालती भाजलेला पाव ठेवून खायचे. मांस आणि पाव यांची गाठ तेव्हाच पडलेली होती म्हणायची.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून लक्षावधी माणसे अमेरिकेकडे निघाली, त्यांतील मोठा लोंढा याच हॅम्बर्ग बंदरातून जहाजात चढला. न्यूयॉर्कच्या खाणावळींत 'हॅम्बर्ग स्टेक' या नावाने खिम्याची चपटी वडी मिळू लागली ती या प्रवाशांच्या पाठोपाठ. तोवर खिमा करायचा म्हणजे सुरी घेऊन तास-दीड तास मान मोडायची. शतकाच्या उत्तरार्धात हाताने फिरवायची ओतीव लोखंडाची यंत्रे आली आणि ते काम घटकाभरावर आले. निबर, स्वस्त मांससुद्धा या यंत्रातून लोण्यासारखे बाहेर पडे. गरिबाच्या ताटात मांस आले ते या दांडीच्या कृपेने. पण त्याच दांडीने एक अडचणही करून ठेवली. मांसाचा अखंड तुकडा पाहून ताजे-शिळे ओळखता येते. खिमा झाल्यावर त्यात काय काय गेले हे करणाऱ्यालाच ठाऊक.

आता गंमत पाहा. ज्या पदार्थाला आजचे डॉक्टर भुवया उंचावतात, तो अमेरिकेत प्रथम प्रतिष्ठा पावला तो पथ्य म्हणून! जेम्स सॅलिस्बरी नावाचे एक डॉक्टर होते. अमेरिकन यादवी युद्धात पोटाच्या विकाराने पटापट मरणारे सैनिक त्यांनी पाहिले होते, आणि आहार हेच बहुतेक रोगांचे मूळ असा त्यांचा ठाम ग्रह झाला होता. १८८८ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांचा उपचार असा: शिरा आणि चरबी काढून टाकलेल्या गोमांसाच्या खिम्याच्या वड्या भाजून दिवसातून तीनदा खाव्यात आणि जेवणाआधी गरम पाणी प्यावे, भाजीपाला आणि पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य. आजच्या शास्त्राला यातले फारच थोडे मान्य होईल. तथापि 'शिरा आणि चरबी काढून' हे जे त्यांनी बजावले, तेवढे मी सूनबाईकरिता टिपून ठेवले. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन नाव उच्चारणेही अमेरिकनांना नकोसे झाले, तेव्हा हॅम्बर्ग स्टेकला या डॉक्टरांचेच नाव मिळाले, आणि सॅलिस्बरी स्टेक तेथे अजूनही खातात.

वडीला दोन्ही बाजूंनी पाव कोणी लावला, यावर अमेरिकेत जो तंटा आहे तो आपल्याकडील मोठमोठ्या साहित्यिक वादांना लाजवील. विस्कॉन्सिनमधील सीमूर गाव म्हणते, आमच्या जत्रेत १८८५ साली चार्ली नॅग्रीन या पोराने. न्यूयॉर्क राज्यातील हॅम्बर्ग नावाच्याच गावातील जत्रेचा दाखला देऊन मेंचेस बंधूंचे पक्षपाती म्हणतात, त्याच वर्षी, पण आम्ही. टेक्सासमधील अथेन्स आपला माणूस पुढे करते. आणि कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील एक लहानसे उपाहारगृह १९०० सालचा मान मागते. मला यात नॅग्रीनची हकीकत आवडते. जत्रेत तो खिम्याचे गोळे विकी. पण लोकांना बशी घेऊन उभे राहायचे नव्हते, जत्रा हिंडायची होती. त्याने गोळा चपटा केला आणि पावात घातला. खरे असो वा नसो, कारण पटण्यासारखे आहे. घरच्या मेजावरचा पदार्थ रस्त्यावर चालू लागला तो असा.

आणि रस्त्यावर येताच त्याची अब्रू गेली. अप्टन सिंक्लेअर हा तरुण लेखक १९०४ साली शिकागोच्या कत्तलखान्यांत सात आठवडे वावरला आणि तेथील कामगारांच्या हालांवर त्याने 'द जंगल' ही कादंबरी लिहिली. ती पुस्तकरूपाने १९०६ साली बाहेर आली. कुजके मांस, उंदीर आणि उंदरांसाठी ठेवलेले विष, सगळे एकाच यंत्रातून दळून निघते, ही वर्णने वाचून सारा देश हादरला. त्याच वर्षीच्या ३० जूनला मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. सिंक्लेअर मात्र खट्टू होता. आपण नेम लोकांच्या हृदयावर धरला आणि बाण पोटात लागला, अशा अर्थाचे तो पुढे बोलला. कामगारांची कणव राहिली बाजूला. वाचकाला काळजी पडली ती स्वतःच्या ताटाची. माणूस असाच आहे, आणि मीही त्याला अपवाद नाही. पण या प्रकाराने अमेरिकन गृहिणीच्या तोंडी एक प्रश्न कायमचा बसला, आणि माझ्या मते बर्गरचा पुढचा सारा इतिहास त्या एका प्रश्नाभोवती फिरतो: खिमा कोणी केला?

याचे उत्तर देऊन धनाढ्य झालेली पहिली जोडी म्हणजे कॅन्सस राज्यातील विचिटा गावचे वॉल्टर अँडरसन आणि बिली इन्ग्राम. एक आचारी, दुसरा जमिनी आणि विम्याचा व्यवहार करणारा. १९२१ साली त्यांनी 'व्हाइट कॅसल' म्हणजे 'शुभ्र किल्ला' या नावाचे दुकान काढले. नाव उगाच नव्हते. दुकान पांढरे, नोकरांचे कपडे पांढरे, आणि सगळी कामे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. किंमत पाच सेंट. आमच्याकडील काही हॉटेलांत 'आत येण्यास मनाई आहे' अशी पाटी मुदपाकखान्यावर असते. ह्यांनी मुदपाकखानाच बाहेर आणून मांडला. एवढ्यावर लोकांची शंका फिटेना म्हणून इन्ग्रामने १९३० साली मिनेसोटा विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ जेसी मॅक्लेंडन यांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करविला. वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने तेरा आठवडे केवळ हॅम्बर्गर आणि पाणी यांवर काढले. शेवटी शेवटी तो दिवसाला वीसवर हॅम्बर्गर खात होता म्हणे! त्याची प्रकृती ठणठणीत राहिली, असा निर्वाळा मिळाला आणि तो जाहिरातीत झळकला. त्यानंतर त्या बिचाऱ्याने हॅम्बर्गरला आपणहून कधी हात लावला नाही असे सांगतात, पण ते जाहिरातीत नव्हते.

आता चिप्सकडे वळू. येथे आधी एक खुलासा करतो, कारण आमच्याकडे या शब्दाचा घोळ आहे. कागदासारखे पातळ ते आपले वेफर्स; इंग्रज ज्याला चिप्स म्हणतो ते म्हणजे बोटाएवढे जाड तुकडे, ज्यांना आमची हॉटेले 'फिंगर चिप्स' म्हणत आली. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा, स्पॅनिश लोकांनी युरोपात आणला, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. हे कंद खाल्ल्याने कुष्ठरोग होतो अशी समजूत फ्रान्समध्ये दीर्घकाळ होती, हे मात्र सहसा शाळेत सांगत नाहीत. ती घालवली पार्मांतिए नावाच्या औषधविक्याने. तो सप्तवार्षिक युद्धात प्रशियाचा कैदी होता. तेथे त्याला बटाटेच खावे लागले आणि तो धडधाकट परतला. मग त्याने जन्मभर बटाट्याची वकिली केली. पॅरिसजवळच्या आपल्या बटाट्याच्या शेतावर तो दिवसा शिपायांचा पहारा ठेवी आणि रात्री उठवून घेई. ज्याला पहारा लागतो ती वस्तू मोलाचीच असणार असे समजून लोक रात्री येऊन बटाटे चोरून नेत आणि आपल्या परड्यात लावीत, अशी आख्यायिका आहे.

तळलेला बटाटा फ्रेंचांचा की बेल्जियनांचा, हा वाद त्या दोघांवर सोपवून मी इंग्लंडात जातो. कारण चिप्स हे जेवण झाले ते तेथे. पिठात घोळून मासा तळण्याची रीत इंग्लंडात नेली ती स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या यहुदी कुटुंबांनी. आपल्याला बटाटा हा शब्द आणि पाव, दोन्ही पोर्तुगीजांनी दिले. इंग्रजांच्या या राष्ट्रीय पदार्थातही त्याच किनाऱ्याचा हात असावा हे नवल. बटाट्याचे तेलात तळलेले 'चिप्स' डिकन्सच्या १८५९ सालच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' या कादंबरीत आढळतात. साधारण १८६० च्या सुमारास मासा आणि चिप्स एका कागदात आले. लंडनच्या पूर्व भागातील जोसेफ मॅलिन आणि लँकेशायरमधील मॉस्ली बाजारातले जॉन लीस यांच्यात आद्यत्वाचा झगडा आहे, अर्थात! १९१० च्या सुमारास अशी पंचवीस हजारांच्या आसपास दुकाने त्या देशात होती.

एवढी दुकाने चालली कोणाच्या जिवावर? लँकेशायरच्या कापडगिरण्यांत बायका पुरुषांच्या बरोबरीने राबत. पहाटे भोंगा, संध्याकाळी भोंगा. चूल पेटवायची कधी? कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेले गरम चिप्स हेच त्या घरचे रात्रीचे जेवण. आणि मग पोट भरलेले डॉक्टर आणि समाजसुधारक पुढे सरसावले. या बायका आळशी आहेत, यांना स्वयंपाक येत नाही, पोरांना तळकट खाऊ घालून त्यांची हाडे ठिसूळ करतात, अशी झोड त्यांनी उठवली. दहा-दहा तास मागावर उभ्या राहणाऱ्या बाईला आळशी म्हणणाऱ्या या मंडळींपैकी कितीजणांनी स्वतःची भाकरी स्वतः भाजली होती, हे विचारायला मला आवडले असते. जॉर्ज ऑर्वेलने १९३७ साली उत्तरेकडील कामगारांवर लिहिलेल्या पुस्तकात मासा-चिप्सची गणना गरिबांना धीर देणाऱ्या स्वस्त सुखांत केली, ती त्या मानाने अधिक सहृदय होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात लोणी, साखर, मांस, चहा सर्वांना रेशन लागले. मासा आणि चिप्स यांना मात्र सरकारने शेवटपर्यंत हात लावला नाही. ते रेशनखाली आणले तर जनतेचा धीर सुटेल, हे राज्यकर्त्यांना कळले होते.

हे वाचताना मला मुंबईचे गिरणगाव आठवल्यावाचून राहिले नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांचे दिवस उगवत-मावळत, त्यांनाही हातात धरून चालता चालता खाता येईल आणि खिशाला पेलेल असे काहीतरी हवे होते. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी पावात बटाटावडा घालून विकायला आरंभ केला असे सांगतात. विस्कॉन्सिनच्या जत्रेतल्या त्या पोराची युक्ती आणि ही युक्ती यांत तत्त्वतः काय फरक? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा काही कामगारांची घरे याच वड्यांच्या गाडीने तगवली. तेव्हा बर्गर-चिप्सला 'परक्यांचे खाणे' म्हणून हिणवण्याआधी आपण थोडे थबकावे. पाव पोर्तुगीजांचा, बटाटा अँडीजचा. आपला म्हणायचा तो मसाला आणि भूक.

असो. पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो पैशाचा इतिहास आहे आणि पैशाचे इतिहास एकसारखे असतात. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे मॅक्डोनल्ड बंधूंनी १९४८ साली आपले चालते दुकान काही काळ बंद ठेवले, बशा-काटे-चमचे काढून टाकले, पदार्थांची यादी छाटली आणि कारखान्यातल्या रांगेप्रमाणे एकाने भाजायचे, दुसऱ्याने पावात घालायचे, तिसऱ्याने गुंडाळायचे अशी व्यवस्था केली. १९५५ पासून रे क्रॉक या विक्रेत्याने ती पद्धत देशभर पसरवली. दुकानांची संख्या वाढली तशी स्वयंपाकघरे दूर गेली. पूर्वी बटाटे दुकानातच सोलून कापीत. १९६० च्या दशकात आयडाहोच्या सिम्प्लॉट यांच्या कारखान्यातून ते कापून, अर्धे तळून, गोठवून येऊ लागले. खिमाही गोठलेल्या चकत्यांच्या रूपाने येऊ लागला. एका चकतीत किती जनावरांचे मांस असेल याचा हिशेब राहिला नाही. गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर सगळे मांडण्याची ती विचिटाची रीत अशी हळूहळू मागे पडली.

याची किंमत दोनदा मोजावी लागली. चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात म्हणून हृदयरोगाचा बोभाटा झाला, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी १९९० मध्ये वनस्पती तेल धरले. पण ते हायड्रोजन घालून घट्ट केलेले, आणि त्यातील ट्रान्स फॅट ही चरबीहूनही घातक, असे पुढे सिद्ध झाले. आपल्याकडे खाद्यतेलातील ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती २०२२ च्या जानेवारीत. दुसरी किंमत अधिक दारुण होती. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात एका उपाहारगृहांच्या साखळीतील नीट न शिजलेले बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले. चार मुले दगावली. कारण ई. कोलाय हा जंतू. त्याचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू असतात ते बाहेरच्या अंगाला. तुकडा वरून चांगला भाजला की ते मरतात. खिमा केला, की बाहेरचे आत जाते. मग वडीच्या मधोमधही तेवढीच आच पोचायला हवी. अमेरिकेत गोमांसाच्या खिम्यासाठी ७१ अंश सेल्सिअस ही खूण आज सांगितली जाते, कोंबडीसाठी ७४.

हे मी वाचून दाखवले तेव्हा सूनबाई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे पदार्थाचं काही चुकलं नव्हतं." मी म्हटले, "तसंच काही नाही, थोडंफार पदार्थाचंही आहे. रोज खायचा नव्हेच तो. पण त्या दिवशीचा खिमा कोणी, केव्हा केला, हे तुला-मला ठाऊक नव्हतं."

भाऊबीजेच्या सकाळी मी माळ्यावर चढलो. माझ्या आईचे खिमा करायचे लोखंडी यंत्र तेथे जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेले होते. आई त्यावर कटलेटांचा खिमा करी, आणि दांडी फिरवायचे काम आम्हां भावंडांकडे असे. मेजाला ते स्क्रूने आवळले, कढत पाण्याने दोनदा धुतले. ओळखीच्या मटणवाल्याकडून पुढ्यात उभे राहून मांडीचे बिनहाडाचे अर्धा किलो मटण आणले होते. सॅलिस्बरी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे शिरा आणि चरबी सूनबाईने स्वतः काढली. नातवंडांनी आळीपाळीने दांडी फिरवली. यंत्राच्या चाळणीतून खिम्याच्या शेवया बाहेर पडताना पाहून धाकटा म्हणाला, "आजोबा, हे तर चकलीसारखं आहे!"

त्या खिम्यात किसलेले गाजर, बारीक कांदा, आले-मिरची-कोथिंबीर आणि शिळ्या पावाचा चुरा घातला. गाजराने वडी कोरडी पडत नाही, आणि मांसही कमी लागते. मीठ अगदी शेवटी, तव्यावर घालताना. आधी घालून मळले तर वडी रबरासारखी होते. एक बोट जाडीच्या सहा वड्या थापल्या आणि प्रत्येकीच्या मध्यभागी अंगठ्याने खळगा केला, म्हणजे ती फुगून पुरीसारखी होत नाही आणि मधला भाग कच्चा राहत नाही. जाड तव्यावर चमचाभर तेल, मंद-मध्यम आच, वर झाकण. दोन्ही बाजू मिळून दहा-बारा मिनिटे. स्वयंपाकातला थर्मामीटर मुलाने मुद्दाम आणला होता. वडीच्या पोटात खुपसून ७१ च्या वर आकडा दिसल्याखेरीज सूनबाईने एकही वडी उतरवली नाही. सौभाग्यवती मटण खात नाही. तिच्यासाठी उकडलेला राजमा आणि सुरण कुस्करून तशाच वड्या वेगळ्या तव्यावर झाल्या.

चिप्सची कथा जरा निराळी. इंग्लंडातील घरांत खोल भांड्यात तेल तापवून चिप्स करताना तेल पेटून वर्षानुवर्षे आगी लागत. १९७९ साली भट्टीत भाजायचे तयार चिप्स तेथे बाजारात आले, त्यामागे सोय होती तशी ही भीतीही होती. आमच्याकडे लहान भट्टी आहे, तेव्हा आम्ही तीच रीत धरली. बटाटे सालासकट बोटाएवढे कापून अर्धा तास गार पाण्यात ठेवले. मग मिठाच्या पाण्यात सहा-सात मिनिटे उकळले, फडक्यावर पसरून कोरडे होऊ दिले, दोन चमचे शेंगदाण्याचे तेल चोळले आणि २२० अंशांवर पाऊण तास, मधूनमधून उलटत. पाण्यात ठेवण्याचे कारण सूनबाईने विचारले. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले, की पिष्टमय पदार्थ फार तापवून करपवले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते. बटाट्यातील साखर त्याला हातभार लावते. पाण्यात ती साखर थोडी उतरते. म्हणूनच चिप्ससाठीचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, थंडीने त्यांतील पिष्टाची साखर होते. आणि रंग सोनेरी झाला की थांबावे, तांबूस होऊ देऊ नये.

पाव गल्लीतल्या बेकरीतला, गव्हाचा. अंडे-तेलाच्या त्या पांढऱ्या लेपाऐवजी चक्क्यात पुदिन्याची चटणी कालवली होती. काकडी, टोमॅटो, कांद्याच्या चकत्या.

नातीने भावाला ओवाळले आणि ताट पुढे ठेवले. त्याने पहिला घास घेण्याआधी आईकडे पाहिले. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, वळली, त्याच्या ताटातला एक चिप उचलून तोंडात टाकला आणि म्हणाली, "खा." मग कोणी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हते. सहा वड्यांपैकी एकही उरली नाही. सौभाग्यवतीच्या सुरणाच्या वड्यांनाही वाटेकरी निघाले. रात्री दोनदा उठून सूनबाईने धाकट्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, हे मी माझ्या अंथरुणातून ऐकले. तो गाढ झोपला होता.

दुसऱ्या दिवशी यंत्र धुऊन, पुसून, जंग चढू नये म्हणून त्याला खोबरेलाचा हात लावून मी ते धोतरात गुंडाळले आणि शिडी मागितली. सूनबाई म्हणाली, "राहू द्या, बाबा. खालीच राहू द्या."